वायरगार्ड टनेलमधून जेलिफिन: लॉगिन होतं, मग सिनेमा का अडकतो?

तुमच्या प्रश्नावरून मला समजलं ते असं: घरी जेलिफिन (स्वतःच्या सिनेमांचा स्ट्रीमिंग सर्व्हर), फायबरचं पीपीपीओई कनेक्शन (यात प्रत्येक पॅकेटमधले आठ बाइट जोडणीसाठीच खर्ची पडतात), सीजीनॅटमुळे (कंपनी एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटते) बाहेरून गाठता येईल असा पब्लिक आयपीव्ही४ पत्ता नाही. म्हणून भाड्याच्या व्हीपीएसवर (इंटरनेटवरचा आभासी सर्व्हर) मधला दुवा म्हणून एनजिनएक्स हा वेब सर्व्हर, आणि तिथून घरापर्यंत आयपीव्ही६वरून वायरगार्ड (एन्क्रिप्टेड व्हीपीएन टनेल). बाहेरून लॉगिन होतं, सिनेमांची नावं दिसतात, पण प्ले दाबलं की चक्र फिरत राहतं. घरच्या वायफायवर सगळं सुरळीत.

एनजिनएक्सला हात लावण्याआधी एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचा कमाल आकार, तपासा. बहुतेक तिथेच पाणी मुरतंय. वायरगार्डचा हँडशेक (दोन टोकांची सुरुवातीची ओळखपाळख) आणि लॉगिनची देवाणघेवाण छोट्या पॅकेटांत उरकते, त्यामुळे टनेल ठणठणीत वाटतं. व्हिडिओची पॅकेटं मात्र पूर्ण भरून निघतात. आता हिशोब बघा. घरचा सर्व्हर राउटरला साध्या इथरनेटने जोडलेला, त्याला १५०० बाइटचा एमटीयू दिसतो. त्यातून ८० वजा करून वायरगार्ड १४२० धरतो. पण राउटरच्या पुढे पीपीपीओईत जागा १४९२चीच. आयपीव्ही६वर वायरगार्डचा बोजा ८० बाइट, म्हणजे १४२०चं पॅकेट बाहेर पडताना १५०० होतं आणि आठ बाइटसाठी अडकतं. 'पॅकेट मोठं आहे' हा राउटरचा निरोप एखाद्या फायरवॉलने गिळला, तर सर्व्हर तेच पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत बसतो. आयपीव्ही४वर बोजा ६०चा असल्याने हेच सेटिंग निभावून जातं, म्हणून कित्येकांना हा त्रास कधी होतच नाही.

खात्री करायला घरच्या सर्व्हरवरून व्हीपीएसच्या टनेलमधल्या आयपीव्ही४ पत्त्याला, तुकडे न करण्याची अट घालून, १३९२ बाइटचा पिंग करा (वर २८ बाइट हेडरचे, एकूण १४२०). तो गेला नाही आणि १३८०चा गेला, तर निदान पक्कं. दोन्ही टोकांच्या कॉन्फिगमध्ये एमटीयू १४१२ करा. तेवढ्यानेही भागलं नाही तर १२८०. त्याखाली मात्र जाऊ नका, टनेलच्या आत आयपीव्ही६ चालणार नाही.

एमएसएस क्लॅम्पिंगचा (टीसीपी पॅकेटमधल्या डेटाची मर्यादा, म्हणजे एमएसएस, वाटेतच कमी करण्याचा) सल्ला तुम्हाला मिळेलच. तुमच्या रचनेत त्याची गरज नाही, कारण टीसीपी कनेक्शन एनजिनएक्सपाशीच संपतं आणि घराकडे नवं सुरू होतं. दोन्ही टोकांचा एमटीयू बरोबर असला की एमएसएस आपोआप जुळतो.

पिंग नीट गेला, तर जेलिफिनच्या डॅशबोर्डवर बघा: ट्रान्सकोडिंग (व्हिडिओ चालता चालता दुसऱ्या रूपात बदलणं) चालू आहे की डायरेक्ट प्ले (आहे तशी फाइल), आणि व्हिडिओचा बिटरेट (सेकंदाला लागणारा डेटा) तुमच्या अपलोड वेगात बसतो का. घरच्या बाजूला वायरगार्डचा पर्सिस्टंट कीपअलाइव्ह (जोडणी जिवंत ठेवणारं छोटं पॅकेट) २५ सेकंद ठेवा. एनजिनएक्समध्ये प्रॉक्सी बफरिंग (घरून आलेला डेटा आधी साठवून मग पुढे देणं) बंद करा, नाहीतर तो एकेका व्हिडिओसाठी व्हीपीएसच्या डिस्कवर १ जीबीपर्यंत तात्पुरती फाइल लिहू शकतो.

आणि कृपा करून वैतागून जेलिफिनचा ८०९६ पोर्ट थेट इंटरनेटवर उघडू नका. त्यावर डिफॉल्टने साधं एचटीटीपी असतं, पासवर्ड उघडा जातो.