166 एमएम: ‘ती’ गाडी ओळखायची तर चासी नंबर बघा

तुमचा प्रश्न असा की इटलीतली मिले मिलिया आणि फ्रान्समधली 24 तासांची ल माँ या दोन्ही मोटार शर्यती 1949 साली एकाच फेरारीने जिंकल्या, की मॉडेल तेवढं सारखं होतं? गाडी एकच होती, चासी नंबर (गाडीच्या मूळ चौकटीवर कोरलेला क्रमांक) 0008एम.

166 एमएम हे मॉडेलचं नाव. 166 म्हणजे एका सिलिंडरची क्षमता सीसीमध्ये. असे 12 सिलिंडर, म्हणजे जेमतेम दोन लिटरचं इंजिन, आणि तरी सुमारे 140 अश्वशक्ती. इंजिन अभियंता जोआकिनो कोलंबोचं, बॉडी मिलानच्या तूरिंग या बॉडी बनवणाऱ्या कंपनीची: पातळ पोलादी नळ्यांचा सांगाडा आणि त्यावर अॅल्युमिनियमचा पत्रा. मला त्या सगळ्या काळातली हीच सर्वांत देखणी गाडी वाटते. अंगावर एकही रेघ जादा नाही.

एप्रिलमध्ये क्लेमेंते बियोंदेत्ती आणि एत्तोरे सालानी यांनी 0008एमवर मिले मिलिया जिंकली. ब्रेशाहून रोमला जाऊन परत, सुमारे 1600 किलोमीटर, उघड्या रस्त्यांवरून. बियोंदेत्तीचा हा चौथा विजय. जुन्या फोटोत गाडीवर 624 हा आकडा दिसतो, तो सुटण्याच्या वेळेचा: सकाळी 6 वाजून 24 मिनिटं. फोटो तपासताना ही खूण फार कामाची.

मग गाडी लॉर्ड सेल्सडन या इंग्रज उमरावाकडे गेली आणि जूनमध्ये ल माँला 22 नंबर लावून उतरली. युद्धानंतरची तिथली ही पहिलीच शर्यत होती. मोठ्या इंजिनांच्या फ्रेंच गाड्यांपुढे दोन लिटरला कोण विचारणार होतं? शिवाय दुसरी 166 एमएम अपघातात बाद झाली. उरली ही एकटी.

सेल्सडनचा जोडीदार चालक लुईजी किनेत्ती, वय तेव्हा 47. सेल्सडनने जेमतेम तासभर स्टिअरिंग धरलं असेल. बाकीचे बावीस तासांहून जास्त किनेत्ती एकटाच चालवत होता. दिवस, रात्र, परत दिवस! शेवटी 235 फेऱ्या, सरासरी ताशी 132 किलोमीटर. तीन लिटरची फ्रेंच गाडी देलाज एका फेरीने मागे राहिली. किनेत्तीने याआधी 1932 आणि 1934 मध्ये अल्फा रोमिओवर ल माँ जिंकलं होतं, पण हा विजय त्या सगळ्यांहून मोठा, असं मी ठामपणे म्हणेन. फेरारीचं ल माँमधलं हे पहिलंच यश, आणि पुढे अमेरिकेत फेरारी विकणारा माणूसही हाच.

तुम्हाला एखाद्या विशिष्ट गाडीचा माग काढायचाय म्हणून एक सांगतो. त्या काळी फेरारी शर्यतीच्या गाड्यांना सम आणि रस्त्यावरच्या गाड्यांना विषम चासी नंबर देत असे. अशा गाड्यांच्या बॉड्या बदलल्या जात, इंजिनं इकडची तिकडे जात. त्यामुळे रंग आणि आकार जुळला म्हणून निष्कर्ष काढू नका. आधी चासीवरचा नंबर, मग इंजिनावरचा, मग त्या शर्यतीचे फोटो, याच क्रमाने जा.