साखरपुडा, गळकी गच्ची आणि कार्डावरचे हप्ते

चि. यास अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला बँकेचा मेसेज वाचला आणि गवंड्याने वहीच्या पानावर लिहून दिलेला अंदाजही. ताईचा साखरपुडा डिसेंबरात. बडोद्याच्या दांडिया बाजारातलं घर पणजोबांच्या वेळचं, गच्ची गळते, ओलीने हॉलच्या भिंतीवर मीठ फुटून लोणा लागलाय. त्यात बँक म्हणते, क्रेडिट कार्डावर लाखभर रुपये लगेच घ्या, हप्त्यांनी फेडा, व्याज महिना ०.९९ टक्के. तुझा जीव त्यात अडकला तर नवल नाही. पण ‘घेऊ का?’ असं विचारलंयस, तर जरा सविस्तर लिहिते. माझी सगळी नोकरी बँकेत कर्जाच्या टेबलावर बसून झाली, तेव्हा या विषयात मला आवरणं कठीण आहे हे तुला माहीतच आहे.

आधी हा ०.९९ टक्का कशावर लागतो ते बघ. त्यासाठी फोन करू नकोस, पलीकडचा मुलगा ‘सर, बेस्ट ऑफर आहे’ यापुढे जाणार नाही. ॲपमध्ये एक लाख आणि बारा महिने टाक आणि हप्ता किती दाखवतो ते पाहा. ८,८८०च्या आसपास आला तर व्याज उरलेल्या मुदलावर आहे, वर्षाचं मिळून साधारण ६,५६०. हप्ता ९,३२३ आला तर ते फ्लॅट व्याज. म्हणजे सहा महिन्यांत जवळपास निम्मं मुद्दल फिटलं तरी व्याज पूर्ण लाखावरच चालू, एकूण ११,८८०. असा फ्लॅट दर घटत्या शिलकेच्या हिशेबाने वर्षाला २१ टक्क्यांच्या वर जातो. मेसेजमधला आकडा दोन्हीकडे तोच, आणि फरक पाच हजारांहून जास्त.

यावर जीएसटी वेगळा. बँकेच्या साध्या कर्जाच्या व्याजावर जीएसटी नसतो, पण कार्डावरच्या खरेदीचे हप्ते पाडले की त्यांच्या व्याजावर १८ टक्के लागतो. प्रोसेसिंग फी, त्या फीवर पुन्हा जीएसटी. आणि मध्येच पैसे आले म्हणून सगळं फेडायला गेलास तर बहुतेक बँका बंद करण्याचेही पैसे घेतात. हे सगळं मिळवून मगच आजीच्या मुदत ठेवीवरच्या कर्जाशी तुलना कर. ठेवीवर कर्ज म्हणजे ठेव मोडणं नव्हे, हे आजीला नीट समजावून सांग. ठेवीच्या दराहून साधारण एक-दोन टक्के जास्त व्याज पडतं आणि हातात पैसे आले की कधीही फेडता येतं. त्यात तुला लाजल्यासारखं वाटतंय हे मला कळतं. पण त्या लाजेची किंमत वर्षाला आठ-दहा हजार असेल तर ती फार महाग आहे.

टाइल्सवाला ‘नो कॉस्ट ईएमआय’ म्हणाला ना? त्याला विचार, रोख दिले तर किती कमी करशील. जेवढे कमी करेल तेवढं तुझं व्याज. रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज अशी काही चीज नसते, ते फीमध्ये लपवलेलं असतं. २०२२च्या नियमांत तर हप्ते पाडण्याआधी मुद्दल, व्याज आणि सूट वेगवेगळी दाखवणं बँकांना सक्तीचं केलं. ते तीन आकडे पाहिल्याशिवाय ‘कन्फर्म’ दाबू नकोस.

न्यू जर्सीची तुझी मावशी सांगते ते शून्य टक्क्याचं कार्ड तिकडे खरंच मिळतं, वर्ष-दीड वर्ष व्याज नाही. तिथेही दुकानांच्या काही कार्डांत अशी अट असते की मुदत संपताना थोडी जरी बाकी राहिली तरी पहिल्या दिवसापासूनचं व्याज अंगावर येतं. तिचा सल्ला तिच्या गावचा आहे, त्यावर इथली गच्ची दुरुस्त करू नकोस.

माझी खरी काळजी मात्र व्याजाची नाहीच. फ्रिज घेतला तर किंमत ठरलेली असते. जुन्या घराचं तसं नसतं. तुझा गवंडी १,८०,००० म्हणतोय, पण ते त्याने भिंतीकडे बघून म्हटलंय, भिंत उघडून नाही. गिलाव्यावर हातोडीच्या दांड्याने ठोकून बघ. भरीव भिंत ‘टक्’ वाजते, सुटलेला गिलावा ‘ढब्’ करतो. ढब्-ढब् करत गवंडी एका कोपऱ्यातून खिडकीपर्यंत जाईल, मग थांबून तुझ्या आईला म्हणेल, ‘बेन, आ तो अंदरथी बधुं पोलुं छे’, म्हणजे आतून सगळं पोकळ. तिथून पुढे १,८०,०००चे २,४०,००० व्हायला वेळ लागत नाही, आणि त्यात त्याची लबाडी असतेच असं नाही. आकडा वाढला म्हणून बँक हप्त्याची तारीख पुढे ढकलत नाही. शिवाय आपल्याकडचे कितीतरी मजूर दाहोद-पंचमहालचे, दिवाळीला गावी गेले की कधी परततील ते तेच जाणोत. काम बंद, हप्ते चालू.

म्हणून कार्डावर तेवढंच टाक ज्याचं पक्कं बिल हातात आहे: टाइल्स, पाइप, नळ, गच्चीचं वॉटरप्रूफिंगचं सामान. मजुरी आठवड्याच्या आठवड्याला रोखीनेच द्यावी लागणार, ती बचतीतून दे, आणि भिंत उघडल्यावर जे निघेल त्यासाठीही बचतीतलेच पैसे राखून ठेव. मजुरीसाठी कार्डावरून एटीएममधून पैसे काढू नकोस, त्याला बिनव्याजी मुदत एक दिवसाचीही नसते, आणि वर काढण्याची फी. कोणी म्हणेल, दुकानात कार्ड घासा, दोन टक्के कापून रोख देतो. त्या दुकानाची पायरीसुद्धा चढू नकोस.

सामान घ्यायचं तेही कार्डाच्या बिलाची तारीख उलटल्यावर. तुझं बिल ५ तारखेला बनत असेल आणि भरायला वीस दिवस मिळत असतील, तर ६ ऑक्टोबरला घेतलेल्या टाइल्सचे पैसे २५ नोव्हेंबरपर्यंत दिले तरी चालतात, एक पैसाही व्याज नाही. यापेक्षा स्वस्त कर्ज तुला कोणी देणार नाही. अट एवढीच, मागचं बिल पूर्ण भरलेलं हवं. बाकी राहिली की नव्या खरेदीवर त्याच दिवसापासून व्याज, आणि ते महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या घरात. ‘मिनिमम ड्यू’, म्हणजे बिलातली किमान रक्कम, तेवढीच भरून समाधान मानणारे मी टेबलापलीकडे पुष्कळ पाहिलेत. हप्ते पाडायचेच ठरले तर त्या कार्डावर किराणा, पेट्रोल काही घेऊ नकोस. लिमिट अडकतं, बँका आपली पत बघतात तो सिबिलचा स्कोअरही खाली येऊ शकतो, आणि पुढच्या वर्षी तुला घरासाठी कर्ज काढायचंय.

आता कामाचा क्रम. आधी गच्ची. हॉलचा रंग शेवटी, तोही भिंत पूर्ण वाळल्यावर. २०२४च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शिरलं, त्यानंतर किती घरांनी दिवाळीच्या घाईत ओल्या भिंतींवर पुट्टी आणि भारी रंग चढवला, आणि वर्षाच्या आत त्याचे पापुद्रे सुटले. साखरपुड्यापुरता हॉलला साधा चुना किंवा स्वस्तातला डिस्टेंपर मार. व्याही मंडळी भिंतीचा ब्रँड विचारत नाहीत, जेवणाचं मात्र विचारतात. तिथे हात आखडू नकोस.

गवंड्याकडून मजुरी आणि सामान वेगवेगळं लिहून घे, ॲपमधला हप्ता कागदावर उतर, आणि आजीच्या ठेवीची पावती काढून ठेव. मग फोन कर. सकाळी आठच्या आत नको, तेव्हा मी कमाटीबागेत फिरत असते.

तुझी
काकू