घोट्याच्या वरचे प्रश्न

या वेळचे जवळजवळ सगळे प्रश्न घोटा झाकणाऱ्या बुटांबद्दल आहेत, आणि बहुतेकांनी सुरुवातच रंगापासून केली आहे. रंगाकडे येऊच. पण मी आधी दोन गोष्टी विचारते: कपडा पायावर नेमका कुठे संपतो, आणि त्या दिवशी बूट किती वेळा काढावे लागणार आहेत. घर, देऊळ, मांडव, कधीकधी दवाखानासुद्धा. आपल्याकडे पायातलं बाहेर ठेवूनच आत जायचं असतं. फॅशनच्या परदेशी सल्ल्यांत ही दुसरी अडचण कुणाच्या गावीही नसते.

प्रश्न : डिसेंबरात भावाचं लग्न आहे. गडद निळा बंदगळा शिवायला टाकलाय. मोजडी नको आणि ऑफिसचे लेसवाले बूटही नकोत. चेल्सी बूट चालतील का? काळे की तपकिरी? (पुणे)

चालतील आणि शोभतीलही. चेल्सी म्हणजे दोन्ही बाजूंना इलॅस्टिकची पट्टी असलेला, लेस नसलेला बूट. इंग्लंडमध्ये राणी व्हिक्टोरियाचे बूट बनवणाऱ्या स्पार्क्स-हॉल यांनी १८५१ साली त्याचं पेटंट घेतलं. बंदगळ्याशी त्याहून जवळचं नातं जोधपुरी बुटाचं आहे. उंची तीच, पण इलॅस्टिकऐवजी घोट्याभोवती फिरणारा चामड्याचा पट्टा आणि बक्कल. पोलोच्या मैदानातून आलेला हा बूट बंदगळ्याखाली असा बसतो की जणू दोन्ही एकाच हाताने शिवलेत. तरीही तुम्हाला मी चेल्सीच सुचवेन. वरपक्षाकडचे म्हणजे दिवसभरात चार-पाच वेळा तरी बूट काढणार, आणि करवल्यांनी पळवलेला जोड परत मिळाल्यावर बक्कल लावत बसायला वेळ कुणाला असतो?

निळ्यावर गडद तपकिरी घ्या, अगदी कॉफीच्या जवळ जाणारा. तो पिवळसर टॅन नको. फोटोत आधी बूट दिसतात, मग नवरदेवाचा भाऊ. बंदगळा काळा असता तर मात्र काळ्याशिवाय दुसरं काही सांगितलं नसतं.

खरी गोम पँटमध्ये आहे. शिंपी विचारेल, "बॉटम किती ठेवू?" सात ते साडेसात इंच सांगा. साडेआठ-नऊ ठेवली तर बूट झाकला जातो आणि पायाखाली काळा ठोकळा तेवढा उरतो. सहा ठेवली तर पँट बुटाच्या वरच्या कडेला अडकते आणि बसून उठलात की तिथेच राहते, मग चारचौघांत वाकून ती खाली ओढावी लागते. लांबीचं माप बूट घालूनच द्या. पँट बुटाच्या पाठीला हलकेच टेकली पाहिजे, पुढे घड्या पडता कामा नयेत.

चेल्सीला लेस नसते, त्यामुळे बसत नसेल तर आवळायची सोय नाही. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने २०२१-२२ मध्ये देशभरातल्या एक लाखाहून जास्त लोकांच्या पायांची मापं घेतली. आपले पाय युरोप-अमेरिकेतल्या पायांपेक्षा रुंद असतात, हे दुकानदारांना ठाऊक असलेलं तेव्हा कागदावर आलं. म्हणून ब्रिटिश मापाचा नंबर बघून ऑनलाइन मागवू नका. संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, जाड मोजे घालून दुकानात जा. चालताना टाच किंचित उचलली जाते, ते चालेल. चवडा दोन्ही बाजूंनी दाबला जात असेल तर तो जोड तुमचा नाही. "वापरून सैल होतील" हे वाक्य लांबीच्या बाबतीत कधीच खरं ठरत नाही. आणि मोज्यांना भोक नाही ना, ते आदल्या रात्रीच बघून ठेवा.

प्रश्न : गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत आम्ही मैत्रिणी नऊवारी नेसून बुलेट चालवणार आहोत. कोल्हापुरी घालून गिअर टाकायची भीती वाटते. नऊवारीवर बूट अगदीच विचित्र दिसतील का? (डोंबिवली)

नाही दिसणार, आणि दिसले तरी घाला. कोल्हापुरी चप्पल चालायला उत्तम, पण अंगठ्याच्या जोरावर गिअर वर उचलताना ती पायातून फिरते.

नेसल्यावर आरशासमोर उभं राहून ठरवू नका, खुर्चीवर दोन्ही बाजूंना पाय टाकून बसून बघा. उभं असताना घोट्यापर्यंत येणारा काष्टा गाडीवर बसल्यावर चांगला पोटरीपर्यंत चढतो. घोट्याशीच संपणारा आखूड बूट घेतला तर मधे मोज्याची पट्टी दिसते, आणि विचित्र दिसते ती नेमकी तीच. घोट्याच्या वर तीन-चार बोटं जाणारा, बाजूला चेन असलेला बूट घ्या. लेसवाला आवडत असेल तर लेसची टोकं आत खोचा. सुटलेली लेस गिअरच्या दांडीत अडकली की सिग्नलला पाय खाली टेकत नाही. टाच रुंद आणि दीड इंचाच्या आत. उजव्या पायाशी तापलेला सायलेन्सर असतो, त्यामुळे चामडं खरं हवं.

रंग: हिरव्या, जांभळ्या, मोरपिशी नऊवारीवर टॅन किंवा चॉकलेटी. सोन्याच्या ठुशीला आणि नथीला तो रंग जवळचा वाटतो. काळा फक्त चंद्रकळेवर. ज्यांच्या पायात जोडवी आहेत त्यांनी पुढून निमुळता बूट घेऊच नये. तासाभरात जोडवं शेजारच्या बोटात रुतायला लागतं. पुढून गोल आणि रुंद घ्या.

डाव्या बुटाच्या टोकावर गिअरच्या दांडीचा काळा ओरखडा पडणारच. गाडीवाल्यांसाठी तिथे घालायचं रबरी कव्हर मिळतं, ते यात्रेपुरतं चढवा आणि फोटोच्या आधी काढा. पदर मात्र पाठीमागे मोकळा सोडू नका. कमरेला घट्ट खोचा आणि पिना लावा. चाकाला काठापदराचं कौतुक नसतं.

प्रश्न : उंची जेमतेम पाच फूट. जाड सोलचे लेसवाले काळे बूट घेतले, पण जीन्सवर घातले की मी आणखी बुटकी दिसते. (नागपूर)

पायाचे दोन तुकडे पडतात म्हणून. निळी जीन्स, मग काळा ठोकळा. त्याच बुटांवर काळी जीन्स किंवा काळी लेगिंग घालून बघा, लगेच फरक कळेल. पुढचा जोड घेताना घोट्याशी घट्ट बसणारा घ्या. वर गळपटणारा बूट पोटरी जाड दाखवतो. आणि गुडघ्याखाली येणाऱ्या कुर्त्यावर हे बूट घालत असाल तर कुर्ता आखूड करा, बूट नको.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी चांगले महागाचे बूट घेतले. दोनदाच घातले. पुतण्याच्या मुंजीला काढले तर हॉलच्या पायऱ्यांवरच सोलचे तुकडे पडायला लागले. दुकानदार म्हणतो, वापरले नाहीत म्हणून असं झालं. हे काय उत्तर झालं? (ठाणे)

ऐकायला उद्धट वाटतं, पण दुकानदार बरोबर बोलतोय. फक्त हे त्याने विकताना सांगायला हवं होतं.

तुमच्या बुटाचा सोल पीयू म्हणजे पॉलियुरेथेनचा असणार. हलका, मऊ, आतून बारीक बुडबुड्यांचा. दुकानात दोन पावलं चाललं की माणूस त्याच्या प्रेमात पडतो. पण हवेतली वाफ त्या पदार्थाच्या साखळ्या हळूहळू तोडत राहते. वरून काही दिसत नाही, आणि एक दिवस सोल ओल्या बिस्किटासारखा सुटतो. ठाणे-मुंबईच्या दमट हवेत हे लवकर होतं. खोक्यात, त्यातही प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळून ठेवलं तर आणखी लवकर, कारण आत शिरलेला ओलावा बाहेर पडत नाही. अधूनमधून घातलेल्या बुटाला निदान हवा लागते. म्हणजे "चांगल्या प्रसंगासाठी राखून ठेवू" ही आपली सवयच या बुटांच्या मुळावर येते.

सणासमारंभापुरते बूट घ्यायचे असतील तर रबर, टीपीआर (थर्मोप्लॅस्टिक रबर) किंवा चामड्याचा सोल मागा. बऱ्याच सोलच्या खाली कोरलेलं असतं, उलटं करून वाचा. चामड्याचा सोल पावसात नको, एवढं लक्षात ठेवा.

तुमचा जोड टाकू नका. वरचं चामडं शाबूत असेल तर जुना सोल पूर्ण खरवडून नवा रबरी सोल बसवता येतो. गटई स्टॉलवर काम देताना "चिकटवून वर शिलाईही मारा" असं स्पष्ट सांगा. पण वरचा भाग रेक्झिनचा असेल आणि त्याचे पापुद्रे निघत असतील, तर त्यावर पैसे घालू नका. कुठलंच पॉलिश ते पापुद्रे धरून ठेवत नाही. ओळखायचं कसं? आतल्या बाजूला कापलेली कड शोधा. चामड्याची कड तंतूतंतूंची, खरबरीत असते. रेक्झिनमध्ये कापडावर चढवलेला पातळ थर दिसतो.

ठेवताना आत वर्तमानपत्राचे बोळे, खोक्याचं झाकण अर्धवट उघडं. बुरशी धरली तर घराबाहेर नेऊन कोरड्या फडक्याने पुसा आणि सावलीत वाळवा. उन्हात किंवा हेअर ड्रायरने वाळवलं तर चामड्याला चिरा पडतात.

प्रश्न : माझ्याकडे घोट्यापर्यंतचे देखणे लेदर बूट आहेत. पावसाळ्यात हेच घालून हरिश्चंद्रगड केला तर? (नाशिक)

नका करू. गड तसाच राहील, बूट राहणार नाहीत.

सह्याद्रीचा काळा कातळ भिजला आणि त्यावर शेवाळ आलं की गुळगुळीत सोलवर उभंही राहता येत नाही. खोल खाचांचा, मऊ रबराचा सोल लागतो. नखाने दाबून बघा. प्लॅस्टिकसारखा टणक लागला तर परत ठेवा. सह्याद्रीतल्या जुन्या भटक्यांचे लाडके 'अ‍ॅक्शन ट्रेकिंग' दिसायला काही खास नव्हते, टिकले ते सोलच्या पकडीवर. हिरव्यागार शेवाळावर मात्र कुठलाच बूट भरवशाचा नाही.

वॉटरप्रूफ बुटांवर जास्तीचे पैसे घालण्याआधी हाही विचार करा: ओढा गुडघाभर असतो. पाणी वरून आत शिरतं, आणि जे बाहेरचं पाणी आत येऊ देत नाही ते आतलंही बाहेर जाऊ देत नाही. आपल्या पावसाला भिजणारा पण भराभर निथळणारा बूट बरा. सुती मोजे नकोत, ओले झाले की फोड आलेच. उतरताना बोटं पुढे आपटतात, म्हणून पुढे बोटभर जागा हवी आणि नखं कापलेली हवीत.

प्रश्न : कॉलेजला पावसात घालायला गुडघ्यापर्यंतचे रंगीत गमबूट घ्यावेत का? घरचे हसतात, म्हणतात शेतात जायचे बूट आहेत. (जालना)

घरच्यांना सांगा, गमबुटांना इंग्रजीत 'वेलिंग्टन' म्हणतात, आणि ते नाव तुमच्या जिल्ह्यातून गेलेल्या माणसाचं आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढलेला आर्थर वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. त्याने आपल्या चांभाराकडून बेतून घेतलेल्या बुटांना वेलिंग्टन म्हणायला लागले. त्याचे बूट चामड्याचे होते; रबराचे नंतर, १८५० च्या दशकात आले.

घ्या, पण गुडघ्यापर्यंतचे नको, अर्ध्या पोटरीपर्यंतचे. उंच बुटात वर्गात दिवसभर बसलात की घामाने पाय पांढरे पडतात. एका रंगाचे घ्या आणि रंग सलवारीच्या नाही, छत्रीच्या जोडीने बघा.

प्रश्न : मुलगी जानेवारीत टोरांटोला शिकायला चालली आहे. बर्फाचे बूट इथूनच घेऊन द्यावेत का? (सातारा)

इथून नको. आपल्याकडे 'विंटर बूट' म्हणून जे मिळतात ते बहुतेक वेळा आतून केसाळ आणि खालून गुळगुळीत. तिथल्या थंडीत साधा सोल कडक होऊन घसरतो. थंडीतही मऊ राहणारं रबर आणि आत उबेचा थर असलेले बूट तिला तिकडच्याच दुकानात, लोकरीचे मोजे घालून, निवडू द्या. मोज्यांसाठी जागा हवी; बूट आवळला की पाय जास्त गार पडतो.

इथून द्यायचेच तर एक चांगले चामड्याचे चेल्सी द्या, एप्रिलनंतर आणि ऑक्टोबरपर्यंत कामी येतील. विमानात तेच घालून जाऊ दे, बॅगेतलं वजन वाचेल. तिथे रस्त्यांवर मीठ टाकतात, त्याचे पांढरे डाग चामड्यावर चढतात. पाणी आणि पांढरं व्हिनेगर निम्मंनिम्मं करून फडक्याने त्याच दिवशी पुसायचं. डाग मुरला की जात नाही. आणि एक हलका, स्वच्छ सोलचा जोड वेगळा द्या. कॅनडातही लोक घरात शिरताना बूट दारातच काढतात, विद्यापीठातही बरेच जण आत गेल्यावर बर्फाचे बूट बदलतात.