पाचशे किलोमीटरला सव्वा तास?

प्रश्न : इंदूर-पुणे हवाई अंतर जेमतेम ५०० किमी. जेट ताशी ८०० किमीने उडतं, मग तिकिटावर सव्वा तास किंवा जास्त का? (एक वाचक, इंदूर)

उत्तर : तिकिटावरची वेळ विमान इंदूरला जागचं हलल्यापासून पुण्यात जागेवर थांबेपर्यंतची असते. दोन्हीकडे धावपट्टीपर्यंतच्या ये-जा करण्यातच १५-२० मिनिटं जातात. शिवाय एवढ्याशा टप्प्यात बरंचसं अंतर चढण्या-उतरण्यातच संपतं. पूर्ण वेग थोडाच वेळ मिळतो. पुण्याचा लोहगाव विमानतळ हवाई दलाचाही तळ, तेव्हा कधी घिरट्याही आल्या! एटीआर (पंख्यांचं छोटं विमान) असेल तर वेग ताशी ५०० किमीच्या आसपास. वीसेक मिनिटं वाढवा. घरून निघताना मात्र उड्डाणाची नव्हे, चेक-इन काउंटर बंद होण्याची वेळ धरा : साधारण तासभर आधीची.