दुसरं कडवं गाऊन बघ

सदर, नागपूर

प्रिय मुली,

सलाम. तुझं कॅरल, म्हणजे नाताळचं गाणं, आधी पेटीवर वाजवलं, मग चारही आवाजांच्या ओळी (बायकांचे सोप्रानो नि आल्टो, पुरुषांचे टेनर नि बेस) एकेक करून म्हणून पाहिल्या. चाल गोड आहे. पहिलं कडवं तर ऐकताक्षणी तोंडात बसतं. पण स्पर्धेला पाठवायची घाई करू नकोस, दुसऱ्या कडव्याचं बघ.

झालंय असं की, तू पहिलं कडवं लिहिलंस, त्याला चाल लावलीस आणि उरलेली कडवी त्या चालीत कोंबलीस. ‘आला गे राजा’ मधल्या ‘ला’वर सूर लांबवलास, झकास. पुढच्या कडव्यात नेमका त्याच जागी ‘मेंढपाळ’चा ‘ढ’ येतो. म्हणजे क्वायर (गायकवृंद) ‘मेंढऽऽपाळ’ गाणार आणि मागच्या बाकावरची पोरं खुसखुसणार. शिवाय पाच अक्षरांच्या जागेत ‘मेंढपाळ धावले’ ही सात अक्षरं. तिथं ‘आले गे कोणी’ असं काही घाल, मेंढपाळ खालच्या ओळीत ने. त्याच कडव्यात सोप्रानोच्या सगळ्यात उंच सुरावर ‘सोडुनी’तली ‘नी’ आली आहे. उंचावर ‘ई’ म्हणताना गळा आवळतो. ‘आ’ किंवा ‘ओ’ येईल असा शब्द शोध.

सगळी कडवी एका मापाची कशी असतात ते अभंगात बघ. मोठ्या अभंगाचे पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे आणि चौथा चार अक्षरांचा. म्हणूनच एक चाल बसली की त्यात हवे तेवढे अभंग म्हणता येतात, टाळकऱ्याला वही लागत नाही. ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी आपली ख्रिस्तभक्ती अभंगात आणली ती उगाच नाही. (टिळक काही काळ आपल्या नागपुरात होते. इथून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांच्या हाती बायबलचा नवा करार दिला, ती १८९३ ची गोष्ट.) उलट उदाहरण हवं तर इंग्रज कवयित्री क्रिस्तिना रोझेटीची हिवाळ्यावरची कविता घे. संगीतकार गुस्ताव होल्स्टने तिला लावलेली चाल १९०६ साली छापून आली. कवितेची कडवी अक्षरांनी कमी-जास्त, त्यामुळे प्रत्येक कडव्यात सूर जोडावे-तोडावे लागतात. होल्स्टला ते खपून गेलं, आपल्याला खपणार नाही.

आता सुरावटीचं. तुझी चाल भूप रागातली, म्हणजे म आणि नी वर्ज्य. तरी तू जागोजागी डॉमिनंट सेव्हन्थ हा चार सुरांचा मेळ वापरलास, प-नी-रे-म. हार्मनीच्या पुस्तकाप्रमाणे ते बरोबर, पण टेनरच्या त्या म ने भूपाचा रंगच उडतो. भूपाच्या पाच सुरांत पूर्ण ट्रायड (तीन सुरांचे मेळ) दोनच बसतात: सा-ग-प आणि ध-सा-ग. तेवढ्यावर चार कडवी रेटलीस तर कान कंटाळेल हेही खरं. मी काय करेन सांगू? बेसला तंबोऱ्यासारखे सा आणि प धरून ठेवू देईन, आणि आल्टोला अर्ध्या ओळीने मागून तीच चाल उचलायला लावीन. सध्या आल्टोवाल्या बिचाऱ्या सगळं कॅरलभर एकाच सुरावर बसून आहेत! म आणायचाच असेल तर शेवटच्या कडव्यात एकदाच आण, म्हणजे तो जाणवेल. आणि टेनरची ओळ फार चढवू नकोस. आपल्याकडच्या क्वायरमध्ये टेनर मिळतात दोन, त्यातला एक नाताळात हमखास घसा बसून येतो.

शब्दांतला बर्फ मात्र काढून टाक. परीक्षक तिकडचे, बर्फाच्या देशातले असले तरी काढ. बेथलेहेमच्या गोष्टीत बर्फ नाहीच, लूकच्या शुभवर्तमानात रात्री रानात कळप राखणारे मेंढपाळ आहेत. डिसेंबरात आपली कॅरल पार्टी मोहननगरात दारोदार फिरते तेव्हा अंगात स्वेटर, कानाला मफलर आणि घरोघरी पुढे येणारी संत्री असतात. तू हे सगळं पाहिलेलं आहेस, मग उसनं कशाला?

स्पर्धेच्या नियमांचं थोडक्यात. स्वरलिपीवर नाव घालू नका असं सांगितलं असेल तर फाइलच्या नावातही घालू नकोस. देवनागरी शब्दांखाली रोमन उच्चार लिही, आणि ‘बाळ’ सारख्या शब्दात सूर ‘आ’वर धरून ‘ळ’ शेवटी कुठल्या ठोक्यावर मिटायचा तेही दाखव. नाहीतर चाळीस माणसं चाळीस वेळा ‘ळ’ म्हणतील. शब्द दुसऱ्याचे घ्यावेसे वाटले तर टिळकांचे बेलाशक घे. ते १९१९ साली गेले, आणि आपल्याकडे कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतो. हयात कवीची मात्र लेखी परवानगी हवी, तोंडी ‘घे गं’ चालत नाही.

शनिवारी तालमीला ये. चारही ओळींच्या झेरॉक्स आण, बेसची जरा मोठ्या अक्षरात, आपल्या बेसवाल्यांना चष्मे लागलेत. दुसरं कडवं आधी गाऊन घेऊ.

तुझा,
सर