ॲक्टिव्ह गॅलक्सीतला गॅस इन्फ्रारेडमध्ये का चमकतो? तुमचे प्रश्न

ॲक्टिव्ह गॅलक्सी म्हणजे जिच्या मधोमधचं ब्लॅक होल आजूबाजूचा गॅस ओढून घेत असतं ती. तिच्या गॅसचा प्रकाश वेव्हलेंग्थनुसार पसरवून बघितला की ठराविक जागी चमकत्या रेषा दिसतात, हे प्रश्न त्यांच्याबद्दलचे.

प्रश्न: ब्लॅक होलमधून प्रकाश सुटत नाही म्हणता, मग या रेषा येतात कुठून?

ब्लॅक होलमधून नाहीच येत. त्याच्याभोवती गरगरणारी तबकडी भयंकर तापते, तिच्यातून निघालेले अल्ट्राव्हायोलेट आणि एक्स-रे पार शेकडो प्रकाशवर्षं लांबच्या गॅसवर जाऊन आदळतात आणि अणूंचे इलेक्ट्रॉन उडवतात. हे सुटे इलेक्ट्रॉन मग आयनांना, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेल्या अणूंना, धडकत राहतात, धक्का बसला की आयन किंचित वरच्या ऊर्जा-पातळीवर चढतो आणि उतरताना ठराविक वेव्हलेंग्थचा फोटॉन (प्रकाशाचा कण) सोडतो. पातळ्यांमधलं अंतर अगदी बारीक, म्हणून फोटॉन इन्फ्रारेडचा.

पुस्तकात या रेषांना 'निषिद्ध' म्हणतात. निषिद्ध कसल्या, आळशी आहेत नुसत्या! आयनला उतरायला कित्येक मिनिटं लागू शकतात. गॅस दाट असला तर तेवढ्यात दुसरा धक्का बसतो आणि फोटॉन राहतोच, त्यामुळे या रेषा विरळ गॅसमधूनच जोरात दिसतात.

प्रश्न: तारेही गॅस तापवतातच की, मग हे ब्लॅक होलचंच काम कशावरून?

निऑनला विचारा. त्याचा पहिला इलेक्ट्रॉन काढायला 21.6 इलेक्ट्रॉन-व्होल्ट (ऊर्जेचं एकक) पुरतात, तेवढं गरम ताऱ्यांना जमतं, त्याची रेषा 12.8 मायक्रॉनला (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). पण चौथा काढायला 97 लागतात, आणि तिथे साध्या ताऱ्यांचा दम संपतो. म्हणून चार इलेक्ट्रॉन गेलेल्या निऑनच्या 14.3 आणि 24.3 मायक्रॉनच्या रेषा ठळक दिसल्या की ब्लॅक होलवर संशय घ्यायला हरकत नाही. ऑक्सिजनची 25.9 मायक्रॉनची रेषाही वापरतात, पण तिला 55 च पुरतात, थोडीफार ती वुल्फ-राये तारे (फार तापलेले, वजनदार तारे) नाहीतर शॉकमुळेही (गॅसवर वेगाने काही आपटून उठलेल्या धक्कालाटेमुळे) येते, सो एकट्या तिच्यावर मी तरी भरवसा ठेवत नाही.

प्रश्न: साध्या प्रकाशातल्या रेषा का नाही चालत?

धूळ! ती साधा प्रकाश गिळते, इन्फ्रारेड बराचसा पार होतो. पण आपलं वातावरण यातला बराच भाग अडवतं म्हणून दुर्बीण अवकाशात लागते, जेम्स वेबचं मिरी उपकरण साधारण 5 ते 28 मायक्रॉन बघतं.

प्रश्न: 2.12 मायक्रॉनला हायड्रोजन रेणूची रेषा दिसते, तीपण एक्स-रेमुळेच का?

असेलच असं नाही. तो गॅस साधारण 2000 केल्विनचा असतो, आणि तेवढं तापवायला एक्स-रे, अल्ट्राव्हायोलेट किंवा जेट (ब्लॅक होलजवळून सुटलेला वेगवान झोत) गॅसवर आपटून झालेला शॉक, काहीही पुरतं. एका रेषेवरून कळत नाही, दोन-चार रेषांची गुणोत्तरं काढावी लागतात. शेजारी 1.64 मायक्रॉनची लोखंडाची रेषा जोरात असेल तर मी आधी शॉककडे बघेन, कारण लोखंड एरवी धुळीच्या कणांत अडकलेलं असतं आणि शॉक ते कण फोडतो.