मोटारीने व्हिएन्ना : गाडी कुठवर न्यावी?

प्रश्न : माझा मुलगा म्युनिकला नोकरीस आहे. येत्या मे महिन्यात आम्ही उभयता त्याच्याकडे जाणार असून तेथून भाड्याच्या मोटारीने चार दिवस व्हिएन्नाला जाऊन यावे, असा विचार आहे. मुलाला रजा मिळणार नाही, म्हणून गाडी मीच चालवीन. चोर्ला घाटातून तीस वर्षे गाडी चालविली आहे. तरी परवाना, रस्ता आणि शहर यांविषयी मार्गदर्शन करावे.
– एक निवृत्त शिक्षक, खानापूर

उत्तर : चोर्ल्याची वळणे ज्यांच्या अंगवळणी पडली आहेत, त्यांना तेथील रस्त्यांची धास्ती वाटण्याचे कारण नाही, सवय मोडावी लागते ती हातांची. गाडी उजव्या बाजूने हाकायची, स्टिअरिंग डावीकडे, गिअर उजव्या हाताला आणि इंडिकेटरचा दांडाही आपल्याकडच्या उलट बाजूला. म्युनिकमधल्या पहिल्याच वळणावर मी इंडिकेटर द्यायला गेलो आणि लख्ख उन्हात वायपर फिरू लागले. पहिला तासभर मुलाला शेजारी बसवून, रविवारी सकाळी मोकळ्या रस्त्यावर हात बसवून घ्यावा.

आंतरराष्ट्रीय वाहन परवाना बेळगावच्या आर.टी.ओ. कचेरीतून निघण्याआधीच काढून ठेवावा. त्याची मुदत जास्तीत जास्त एक वर्षाची असते आणि मूळ परवाना सोबत नसेल तर त्याचा उपयोग नाही. गाडी भाड्याने घेताना ती ऑस्ट्रियात नेण्याची परवानगी लेखी मागून घ्यावी.

जर्मनीत मोटारींना टोल नाही. सीमा ओलांडली की महामार्गासाठी ‘विन्येट’ लागते, म्हणजे ठरावीक दिवसांचा कर आगाऊ भरायचा. हत्तरगीसारखा नाका आडवा येऊन पैसे मागत नाही, त्यामुळे आपल्याकडची माणसे ते विसरतात आणि नंतर दंड भरतात. आणखी एक नियम जिवाशी गाठ असलेला आहे : वाहतूक तुंबली की सर्वांत डावीकडच्या रांगेने डावीकडे आणि बाकीच्यांनी उजवीकडे सरकून मध्ये रुग्णवाहिकेसाठी वाट मोकळी ठेवायची, मग रुग्णवाहिका दिसो वा न दिसो.

साल्झबुर्ग, लिंझमार्गे हे अंतर सुमारे सव्वाचारशे किलोमीटर आहे. मेल्क येथे मात्र महामार्ग सोडावा. कड्यावरचा तेथील पिवळा मठ अठराव्या शतकातला असून त्याच्या पायथ्यापासून क्रेम्सपर्यंत डॅन्यूबच्या काठाने वाखाउ खोऱ्याचा रस्ता जातो. एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला द्राक्षमळे आणि जर्दाळूच्या बागा. वाटेत ड्युर्नश्टाइनचा पडका किल्ला लागतो. इंग्लंडचा राजा पहिला रिचर्ड ११९२च्या अखेरीस तेथेच कैदेत होता. माझ्या मते गाडी घेण्याचे खरे सार्थक या पस्तीसेक किलोमीटरांत आहे, व्हिएन्नात नव्हे.

व्हिएन्नात जवळजवळ सगळीकडे सोमवार ते शुक्रवार सकाळी ९ ते रात्री १० पर्यंत पैसे भरून, तेही दोनच तास, रस्त्यावर गाडी लावता येते. म्हणून पश्चिमेकडून शिरताना ह्युटेलडॉर्फच्या वाहनतळावर ती ठेवून भुयारी रेल्वेची यू-४ गाडी पकडावी. ती शोनब्रुन राजवाड्यावरून थेट मध्यवस्तीत नेते.

आपण शिक्षक असल्याने दोन गोष्टी आवर्जून सुचवितो. १६८३ साली, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराजांच्या निधनानंतर तीनच वर्षांनी, तुर्कांनी या शहराला वेढा घातला होता. ज्या तटाने तो झेलला, तो पाडण्याचा आदेश सम्राट फ्रान्झ योसेफने १८५७ साली दिला आणि त्या जागेवर रिंगश्ट्रासे हा रुंद वर्तुळाकार रस्ता झाला. बेळगावचा खंदक आणि तट आपण पाहिलेले आहेतच. ट्रामने रिंगवरून जाताना तोच घेर डोळ्यांपुढे आणावा. दुसरी गोष्ट सेंट स्टीफन चर्चची ‘पुमेरिन’ घंटा. तुर्कांच्या पाडाव केलेल्या तोफा वितळवून ती १७११मध्ये ओतली गेली, १९४५च्या आगीत कोसळून फुटली आणि तिच्याच धातूतून आजची घंटा पुन्हा घडविली गेली. दक्षिण मनोऱ्याला ३४३ पायऱ्या आहेत. गुडघे पाहून ठरवावे.

जाता जाता : मुलासाठी कुंद्याचा डबा नेऊ नये. युरोपीय संघात प्रवाशांना बाहेरून दुग्धजन्य पदार्थ आणण्यास मनाई आहे आणि आपला कुंदा तर खव्याचाच.